सतरंजीवरची सभा

कोपऱ्यावरच्या गाड्यावर द्राक्षांचे घड लोंबायला लागले की मी समजते, झालं, आता महिनाभर माझं काही खरं नाही. दूध उतू जातं, भाजीला मीठ दोनदा पडतं, आणि संध्याकाळी गॅलरीत उभी राहून मी उगाच तासगावच्या दिशेला बघत बसते. दिशा कसली, समोर सगळ्या इमारतीच आहेत. त्यांच्या गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे तेवढे दिसतात. सून विचारते, "आई, कुठं जायचंय का तुम्हाला?" मी म्हणते, "छे गं, आता कुठं जातेय मी." आणि ते साफ खोटं असतं. मला जायचं असतं. पण जिथं जायचं असतं तिथं एसटी जात नाही, कारण ते गाव नकाशावर जागच्या जागी असलं तरी ते दिवस काही तिथं माझ्यासाठी थांबलेले नाहीत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नेमकं साल विचारू नका, सांगणार नाही. फोन करायला एसटीडी बूथवर जावं लागायचं आणि बूथवाला आपलं सगळं बोलणं मन लावून ऐकायचा, ते दिवस. मी चाळिशी ओलांडलेली, सकाळच्या कॉलेजात कॉमर्स शिकवायची. दुपार मोकळी. आणि मोकळ्या दुपारी गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही. सांगलीतल्या काही निवृत्त मंडळींनी तेव्हा एक काम काढलं होतं. आसपासच्या गावांत लहान लहान सार्वजनिक ट्रस्ट असतात, कुठं वाचनालय, कुठं मुलींचं वसतिगृह, कुठं तालीम. जुनी माणसं जातात, नवी येतात. नव्या माणसाला हार पडतो, पेढे वाटले जातात आणि तो ट्रस्टी होतो. पण ट्रस्टी म्हणजे करायचं काय, हे त्याला कुणीच सांगत नाही. तर अशा नव्यांच्या सोबतीला वर्षभर कुणीतरी जाणतं माणूस द्यायचं, एसटीचं भाडं ज्याचं त्यानं घालायचं, अशी ती कल्पना.

मी नाव दिलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "तुला लोकांना शिकवायला निमित्तच हवं असतं. घरात मी आणि पोरगा, दोघंच विद्यार्थी, तेही बथ्थड." पण दर खेपेला मी परत यायच्या वेळी स्कूटर घेऊन स्टँडवर तेच उभे असायचे. गाडीला उशीर झाला तर शेंगदाण्याची पुडी संपवून, रिकामा कागद हातात घेऊन. "काय, गुरुमाऊली, सुधारलं का गाव?" असं विचारायचे. आता स्टँडवरून येताना रिक्षा करावी लागते, आणि रिक्षावाला काही विचारत नाही.

माझ्या वाट्याला आलं ते तासगावच्या पुढचं एक गाव आणि तिथलं एक पाळणाघर. गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं, सगळे त्यांना माई म्हणायचे, बागांत कामाला जाणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांसाठी रस्त्याकडेला एक मोठी खोली बांधून घेतली होती. माई गेल्या. मागं उरली खोली, खोलीत मुलं सांभाळणारी हौसाक्का, आणि कागदावर तीन नवे ट्रस्टी. पहिले अण्णा, गावातले मोठे बागायतदार. खोलीची जागा त्यांनीच माईंना बक्षीस दिलेली, म्हणून तेच अध्यक्ष. दुसरे सुभेदार, मिल्ट्रीतून पेन्शनीत आलेले, मिशा अजून ड्यूटीवर असलेल्या. आणि तिसरी शालन, अण्णांच्या पुतण्याची बायको, शेजारीच वेगळ्या घरात राहणारी. नवरा लष्करात, राजस्थानच्या हद्दीवर कुठंतरी. "एक बाई पायजेच म्हणत्यात आता," म्हणून तिचं नाव घातलेलं. तिला ते नाव घातल्यावर कळलं.

आणि काय ते दिवस होते. तासगाव सोडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागा. मांडवाखाली हिरवी सावली, तिच्यात वाकलेल्या बायकांच्या पाठी, मधूनच एखादी लाल ओढणी की पदर. पुढच्या गाडीला वेळ असला तर एखादा ट्रॅक्टरवाला थांबायचा, "आवं बाई, बसा की मडगार्डावर," म्हणायचा, आणि मी, कॉलेजातली प्राध्यापिका, एका हातानं पर्स आणि दुसऱ्या हातानं जीव मुठीत धरून बसायची. मागं ट्रॉलीत क्रेटवर क्रेट, त्यांच्यावर मधमाश्या, आणि रस गळून चिकट झालेला रस्ता. रॅकवर द्राक्षं वाळवायच्या शेडच्या जवळ आलं की बेदाण्याचा वास यायचा. ताज्या द्राक्षाचा तो वास नव्हेच. गोड, किंचित आंबूस, त्यात गंधकाच्या धुरीचा एक झटका. पहिल्यांदा नाक मुरडलं होतं मी. आता पिशवीतल्या बेदाण्यांत नाक खुपसून तो शोधते, तर प्लॅस्टिकचा येतो.

पहिल्या सभेला मी तयारी करून गेले होते. सभा अण्णांच्या घरी, सोप्यात. तीन खुर्च्या मांडलेल्या. एक अण्णांना, एक सुभेदारांना, एक मला. शालन माजघराच्या दाराला टेकून उभी, डोक्यावरून पदर, पदराचं टोक दातांत. मी म्हटलं, "अहो, चौथी खुर्ची आणा. त्याही ट्रस्टी आहेत." अण्णा म्हणाले, "आणा की. आमी कुठं नको म्हणतूय?" खुर्ची आली. रिकामीच राहिली. मामंजींच्या समोर सून खुर्चीवर बसत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनाही ते सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. मी दोनदा आग्रह केला. शालन म्हणाली, "असू द्या बाई, उबी बरी हाय." मग मलाच तिच्यापुढं बसायची लाज वाटायला लागली.

पुढं आणखीच मजा. मी शालनला विचारलं, पाळणाघराला काय हवंय? तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मामंजींस्नी म्हणावं, पत्रा गळतुया." अण्णा तिथंच, हात लांब केला तर लागेल इतक्यावर. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला म्हणावं, पाऊस अजून लांब हाय." मी आपली मान इकडून तिकडे. सुभेदार यावर ताबडतोब, "अनुमोदन." कशाला अनुमोदन ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मिल्ट्रीत साहेबाच्या बोलण्याला "जी साब" म्हणत आयुष्य गेलेलं, इथं त्यांना नवा शब्द सापडला होता आणि तो वापरायला ते टपलेलेच असायचे. चहा आला, सभा संपली. ठरवायचं ते सगळं आदल्या दिवशीच बागेत ठरलेलं होतं.

परतीच्या गाडीत मी चरफडत होते. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "मी काय पोस्टमन आहे का?" हे म्हणाले, "बिनपगारी." पण हळूहळू मला ते आवडायला लागलं, कबूल करायला हरकत नाही. त्या दोघांच्या मधे मी नसले तर गाडी पुढंच सरकत नव्हती. शालनचं मोजकं बोलणं मी जरा ऐटदार करून अण्णांना सांगायची, अण्णांचं खडबडीत बोलणं जरा घासून तिला. माझ्याशिवाय कुणाचं अडतंय, असं त्याआधी मला कुठंच वाटलं नव्हतं. कॉलेजात मी नसले तर मुलं खूश व्हायची.

सभा नसली तरी मी जायला लागले. शालन शेडमध्ये बेदाणा निवडत असायची. मी तिच्यासमोर पोत्यावर बसायची आणि तोंडाची टकळी चालू. ट्रस्टी म्हणजे राखणदार, मालक नव्हे. ट्रस्टची वस्तू ज्या कामासाठी दिली त्याच कामाला लागली पाहिजे. जे ठरवायचं ते सभेत, सगळ्यांसमोर. तिचे हात एका लयीत चाललेले असायचे, हिरवा इकडे, पिवळा इकडे, काडी बाजूला. ऐकतेय की नाही असं वाटायचं. आणि मग मधेच, चार वाक्यांपूर्वीच्या कशावर तरी बोट ठेवून विचारायची, "म्हंजी बाई, ज्यानं दिलं त्येचंबी काय चालत न्हाई व्हय मग?" मी म्हणायची, "नाही चालत. देताना त्यानं हक्क सोडला." ती म्हणायची, "लय अवघड हाय." आणि तोंडावर पदर घेऊन हसायची. ते हसणं मला अजून ऐकू येतं. आमच्या सोसायटीत बायका मोठ्यानं हसतात, मोकळ्या हसतात, चांगलंच आहे ते. पण दाबलेल्या हसण्यात एक मैत्री असते, ती मला इथं कुणाशी जमली नाही.

एकदा मी तिला विचारलं, की नाव तर तुला न विचारता घातलं, मग एवढा जीव कशाला टाकतेस? तिनं हात थांबवले. म्हणाली, "माईंची खोली न्हवती तवाचं सांगते. थोरली माजी रांगायची. झोळी बांदायची रॅकच्या पायपाला आन् आपण कामाला लागायचं. एक दिस मागं वळून बगते तर पोरगी झोळीत न्हाई. टिपाडाला धरून उबी." हे टिपाड म्हणजे द्राक्षं वाळत घालण्याआधी ज्या औषधी पाण्यात बुडवून काढतात ते. "आत वाकून बगत हुती, सोताचं त्वांड दिसतंय म्हणून. मी वरडले न्हाई बाई. वरडले असते तर दचकून आतच गेली असती. हळू गेले आन् उचलली." एवढं सांगून तिनं पुन्हा निवडायला घेतलं. मीही समोरच्या ढिगातल्या काड्या वेचायला लागले.

माझं ते वर्ष संपल्यावर मी आणखी कितीतरी ठिकाणी गेले. औंधला एक वाचनालय होतं, शिराळ्याला एक वसतिगृह. चांगली माणसं भेटली, मान दिला, नारळ दिले. पण कुठंच कुणी शेडमध्ये पोतं झटकून "बसा हितं" म्हणालं नाही. शालनचं पत्र कधी आलं नाही. येण्याचं काही कारणच पडलं नाही तिला. अण्णांच्या मागं तीच अध्यक्ष झाली, हे मला कुणाकडून तरी तिसऱ्याच गावात कळलं. मी मनातल्या मनात पेढा खाल्ला आणि मग दिवसभर उगीचच सगळ्यांवर चिडचिड केली.

तर आता त्याच वर्षीच्या ढगांची गोष्ट. मार्चचे दिवस, द्राक्षं रॅकवर पसरलेली, आणि एका दुपारी आभाळ भरून आलं. ज्यांनी बेदाण्याचा हंगाम पाहिलेला नाही त्यांना ढग म्हटलं की बरं वाटतं. तिथं माणसं आभाळाकडे बघायची आणि बोलायचीच बंद व्हायची. एक सर आली तर रॅकवरची द्राक्षं काळी पडतात, बुरशी धरतात, वर्षाचं काम मातीत जातं. मी गावात उतरले तर पारावरसुद्धा शांतता. अण्णांनी त्या वर्षी नवी शेड घातली होती आणि तिच्यावर छप्पर अजून चढायचं होतं. अर्धवट वाळलेला माल उघड्यावर. मला बघताच ते सोप्यातून खाली आले.

"बाई, बरं झालं आला. माईंची खोली चार दिस आपल्याला लागती. माल आत घालायचा हाय."

"आणि मुलं?"

"बायका न्हेतील की आपापल्या संगं. आदी न्हेतच हुत्या."

शालन दारात होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला ते टिपाड दिसलं. ती हळूच म्हणाली, "बाई, मामंजींस्नी म्हणावं, चार दिस म्हंजी हंगाम सरंस्तवर. एकदा माल आत गेला की निवडायबी तितंच हुतंय. आन् म्होरल्या सालीबी मग तसंच." अण्णांनी ऐकलंच होतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला म्हणावं, जागा माजी हाय. मी दिलीया." आवाज चढलेला. अण्णांचा आवाज म्हणजे काय विचारता, बागेतून हाक मारली तर रस्त्यावरची एसटी थांबायची.

मी म्हटलं, हे असं ओसरीवर ठरत नाही, सभा घ्या. "तिघंच तर हाय आमी, सभा कशाला?" असं पुटपुटत का होईना, त्यांनी मानलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सभा. सुभेदार आधीच त्यांच्या बाजूचे. म्हणजे दोनास एक, आणि ती एक सुद्धा सासऱ्यासमोर तोंड न उघडणारी. सगळं मला लख्ख दिसत होतं. खोली गेली तर तान्ही पोरं पुन्हा शेडमध्ये, त्या औषधाच्या पाण्याशेजारी जाणार होती.

शालन मला सोडायला फाट्यापर्यंत आली. मी म्हटलं, "तू घाबरू नकोस. उद्या मी बोलते. अशी बोलते की बघच." ती चालता चालता थांबली. म्हणाली, "नको बाई. तुमी बोलला तर त्ये सांगलीच्या बाईंचं बोलणं हुईल. तुमी जाशीला. मग म्होरल्या साली ढग आल्यावर कोन बोलंल?" मला जरा लागलंच ते. खरं होतं म्हणून जास्त लागलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "बाई, सभेला खुर्च्या लागत्यातच का? कायद्यात हाय का तसं?" मी हसले, म्हटलं, "कायद्यात खुर्चीचं नावसुद्धा नाही." "आन् जागा?" "जागा कुठलीही चालते. निरोप तेवढा सगळ्यांना वेळेवर गेला पाहिजे." ती म्हणाली, "बरं." गाडी आली, मी चढले. मागच्या काचेतून पाहिलं तर ती अजून तिथंच, आभाळाकडे बघत उभी होती. त्या रात्री मला झोप नाही. ह्यांनी विचारलं, "पेपर कुणाचा आहे उद्या, तिचा की तुझा?"

दुसऱ्या दिवशी ढग तसेच. सभा माईंच्या खोलीत, जेवणं झाल्यावर, असा निरोप शालननं सगळ्यांना धाडला होता. मी आत गेले आणि दारातच थबकले. भिंतीच्या कडेनं चटयांवर मुलं झोपली होती. दुपारची, गाढ झोप. कुणाची मूठ तोंडात, कुणाचा पाय शेजारच्याच्या पोटावर. वर दोन झोळ्या. एका बाजूला सतरंजी अंथरलेली. खोलीत खुर्ची नावाची वस्तू नाही. माईंनी कधी घेतलीच नव्हती; मुलांत बसायचं तर खाली बसायचं, असं त्यांचं असायचं. सतरंजीच्या कडेला शालन बसली होती, पदर नीट घेतलेला, मांडी घालून.

अण्णा आले, वहाणा बाहेर काढल्या, आत येऊन सवयीनं खुर्ची शोधली. "आरं, हितं बसायला..." एवढं ते बोलले आणि हौसाक्कानं ओठांवर बोट ठेवलं. एका पोरानं कूस बदलली. अण्णांनी उरलेलं वाक्य गिळलं. त्यांचे गुडघे दुखायचे. भिंतीला हात लावत, एक पाय लांब करत, ते कसेबसे खाली टेकले. सुभेदार मात्र परेडला बसल्यासारखे ताठ. आम्ही चौघं एका उंचीवर आलो. सुनेनं खुर्चीवर बसायचा प्रश्नच उरला नव्हता, आणि कुणाचा मानही गेला नव्हता. आणि गावाला दम देणारा तो आवाज इथं काढायची सोय नव्हती. तिनं हे सगळं ठरवून केलं होतं की सहज, मी तिला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता फार वाटतं.

अण्णांनी कुजबुजत सुरुवात केली. ज्यानं आयुष्यात कुजबुज केलेली नाही अशा माणसाची कुजबुज म्हणजे चाळणीतून वारा. "माल... आत घ्यायचा हाय. पोरं..." म्हणून त्यांनी पोरांकडे पाहिलं, आणि जरा थांबले. ज्यांना बाहेर काढायचं ती समोर तोंड उघडी टाकून झोपलेली. मग नेहमीप्रमाणे माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तिला म्हणावं, ढग बगावं जरा बाहेर."

आता मी ते शालनला सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. तो वेळ किती गेला मला माहीत नाही. वाटलं, ती बोलणार नाही, आणि खोली जाईल, आणि मी इथं मुकी बसले म्हणून जाईल.

"मामंजी," शालन म्हणाली.

सरळ त्यांना. माझ्याकडे न बघता. अण्णांची मान वळली.

"मामंजी, जागा तुमी दिली, लय मोटं काम केलं. पण दिली म्हंजी दिली. माज्या बानं मला तुमच्या घरात दिली. त्येचीबी द्राक्षंच हायती. उद्या हंगामात मानसं कमी पडली म्हणून तो मला चार दिस न्ह्यायला आला, माजी हाय म्हणला, तर तुमी धाडशीला का?"

मला ते उदाहरण तेव्हाही टोचलं, आणि आजही टोचतं. बाई म्हणजे काय जमिनीचा तुकडा? पण ती माझ्यासाठी बोलतच नव्हती. ज्याला पटवायचं त्याला पटेल असं बोलत होती.

"आन् तुमचा माल भिजावा असं मी म्हणंन का?" ती पुढं म्हणाली. "माजं घर हाय की. सोपा हाय, माजघर हाय, वरली खोली हाय. आत्ता माणसं लावा, सांजंच्या आत समदा माल आत येतोय. मी आन् पोरं सैपाकघरात निजतो. महिना ऱ्हाऊ द्या, दोन ऱ्हाऊ द्या. त्ये माजं हाय, देती मी. ही खोली माजी न्हाई. तुमचीबी न्हाई. ही मी कशी द्यू?"

"अनुमोदन," सुभेदार म्हणाले, आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, मग स्वतःच घाबरून तोंडावर हात ठेवला. हौसाक्कानं त्यांच्याकडे असं पाहिलं की मिल्ट्रीतसुद्धा कुणी पाहिलं नसेल.

अण्णा बराच वेळ सतरंजीचा एक दोरा ओढत बसले. बाहेर वारा सुटला होता. मला वाटलं, आता उठतील आणि खोलीला कुलूप घालतील. तेवढा त्यांचा गावात वट होता, त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. मग ते म्हणाले, "वरल्या खोलीला उंदरं न्हाईत न्हवं?"

"न्हाईत," शालन म्हणाली. "मांजर हाय."

"बरं."

एवढाच ठराव. मी माझ्या अक्षरात तो नंतर चांगला पानभर लिहिला, पण झाला तो एवढाच.

मग अण्णा उठायला लागले. खाली बसलेला जड माणूस, गुडघे धरलेले, आधाराला भिंत लांब. त्यांनी एकदा जोर केला, जमलं नाही. मी पटकन उठून त्यांच्यापुढं हात केला. सून सासऱ्याला हात लावत नाही, सुभेदार पलीकडच्या टोकाला, तेव्हा हे काम माझंच, यात मला काही शंकाच वाटली नाही.

अण्णांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "राहू द्या बाई," म्हणाले. आणि मग पलीकडे बघून, "शालन, हात दे."

त्यांच्या तोंडी तिचं नाव मी त्या वेळी पहिल्यांदा ऐकलं. ती क्षणभर बावरली. मग पदर खोचून पुढं झाली, दोन्ही पाय रोवले आणि त्यांना ओढून उभं केलं. मी माझा हात मागं घेतला. त्याचं काय करावं मला कळेना, म्हणून पर्सचं बक्कल लावल्यासारखं केलं.

ते दोघं तसेच बाहेर गेले, ती पुढं, ते लंगडत मागं. सुभेदार त्यांच्या मागं, पावलं जपून टाकत. आणि अंगणात पाय पडताच सुरू झालं. "क्रेट आदी वर न्ह्या." "आदी वर कशाला, जिना अरुंद हाय, सोप्यात घाला." "मामंजी, सोप्यात वल येती." "मला शिकवतीस व्हय?" "मग कोन शिकवनार?" इतका वेळ दाबून ठेवलेले आवाज आता चांगले तारस्वरात, एकमेकांच्या अंगावर, मधे कुणी नाही.

त्या गलक्यानं झोळीतलं एक बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. हौसाक्का दुसऱ्याला थोपटत होती. मी झोळीची दोरी धरली आणि झोका द्यायला लागले. आनंद झाला होता मला, इतका की डोळे भरून आले होते. आणि त्याच डोळ्यांत दुसरंही काहीतरी होतं, ते मी त्या बाळाशिवाय कुणाला दिसू दिलं नाही. आवाज रस्त्याला लागले, वळणावर गेले, कमी होत गेले. मला बोलवायला कुणी मागं आलं नाही. येऊ नये म्हणूनच तर मी त्या गावात जात होते. तरी झोका देताना माझं सगळं लक्ष दाराकडे होतं, आणि दर वर्षी द्राक्षं आली की ते अजून तिथंच असतं.